नाशिकचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण?

जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटी सामन्यात बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव होती. एकूण धावा दिल्या त्या ५, आणि बळी एकही नाही. त्यात सलग २१ षटके, म्हणजे लागोपाठ १३१ चेंडू असे गेले की एकही धाव निघाली नाही. क्रिकेटच्या जाणकारांना हा आकडा तोंडपाठ असतो. ज्या गोलंदाजाच्या नावावर तो आहे त्याचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकमध्ये झाला, हे मात्र त्यांतील कितीजणांच्या ध्यानी असते, याविषयी शंकाच आहे. १७ जानेवारी २०२० रोजी नाडकर्णी मुंबईत निवर्तले. त्यांच्याविषयी बोलताना एक प्रश्न स्वाभाविकपणे मनात येतो, आणि तो एकट्या क्रिकेटपुरता राहत नाही : नाशिकचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोणता?

हा प्रश्न चार नाशिककरांच्या बैठकीत टाकून पाहावा. एखादे वयोवृद्ध गृहस्थ नाडकर्णींचे नाव घेतील. बुद्धिबळाचा नाद असलेला तरुण विदित गुजराथींचे घेईल. चांदवडकडचा शेतकरी दत्तू भोकनळ यांचे, आणि हरसूलच्या डोंगराळ भागातून आलेला माणूस कविता राऊत यांचे. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी रास्त असेल, आणि तास-दोन तासांनी बैठक निर्णयावाचून उठेल. पारावरच्या असल्या गप्पांत वेळ कशाला दवडावा, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. आपण कोणाला थोर मानतो यावर आपल्या पुढल्या पिढीला कोणाच्या गोष्टी सांगितल्या जाणार, मैदानांना कोणाची नावे मिळणार, आणि सार्वजनिक पैसा कोणत्या खेळाकडे व कोणत्या तालुक्याकडे वळणार, हे पुष्कळसे ठरत असते. तेव्हा हा वाद एकदा नीट घालणे इष्ट आहे.

अमेरिकेतील एक वाद

वाद नीट कसा घालावा, याचे एक उदाहरण दूरच्या अमेरिकेत सापडते. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीत कॅनडाचे वर्चस्व जुने. त्यामुळे ‘आमच्यातला सर्वश्रेष्ठ कोण’ हा प्रश्न अमेरिकन रसिकांना स्वाभिमानाचा वाटतो आणि ते तो हिरिरीने लढवीत असतात. कोणी ब्रेट हल यांचे ७४१ गोल पुढे करतो. त्यावर दुसरा विचारतो, की हल यांचा जन्म कॅनडातील बेलव्हिल गावचा, वडील बॉबी हल हे कॅनडाचे नामांकित खेळाडू, मग त्यांना अमेरिकन कसे म्हणावे? तो मिशिगनमध्ये जन्मलेल्या माइक मोदानो यांचे ५६१ गोल सांगतो. तिसरा बचावपटू ब्रायन लीच यांचे नाव घेतो. १९९४ साली अंतिम फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकन. चौथ्याला आकड्यांत रस नसतो. तो माइक एरुझिओनी यांचे नाव घेतो. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या हौशी, विद्यार्थिदशेतील मुलांच्या संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असे नमविले, त्यातील विजयी गोल या कर्णधाराचा. एरुझिओनी पुढे व्यावसायिकांच्या राष्ट्रीय लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. तरीही तो एक गोल अमेरिकेत आजही आठवला जातो.

या वादात प्रत्येक पक्षकार नाव सांगतो तेव्हा त्याबरोबर एक मापही पुढे करीत असतो. एकाचे माप साऱ्या कारकीर्दीची बेरीज हे आहे, दुसऱ्याचे जन्मभूमी, तिसऱ्याचे मोक्याच्या वेळची कामगिरी, आणि चौथ्याचे एका क्षणाने साऱ्या देशावर केलेला परिणाम. माप कोणते हे उघडपणे सांगितले की वाद पुढे सरकतो. ते झाकून ठेवले की नुसता गलका होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मिनेसोटा राज्यातील एव्हलेथ हे लोखंडाच्या खाणींचे एक लहानसे गाव. अमेरिकन हॉकीपटूंचे स्मृतिदालन १९७३ साली न्यूयॉर्क वा शिकागोत न उघडता या गावात उघडले, कारण फ्रँक ब्रिमसेक यांच्यासारखे नामवंत गोलरक्षक या खाणकामगारांच्या वस्तीने दिले होते. त्या गावाला आपले खेळाडू कोण हे ठाऊक होते.

नाशिकचा म्हणावा कोणाला?

अमेरिकेतल्याप्रमाणे आपल्याकडेही पहिला पेच हाच आहे. नाडकर्णी जन्माने नाशिकचे, पण त्यांचे क्रिकेट फुलले ते महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या संघांतून. विदित गुजराथी यांचा जन्म १९९४ सालचा, इंदूरचा. वाढले आणि घडले ते मात्र नाशिकमध्ये. हर्षवर्धन सदगीर मूळचे नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे. त्यांनी २०२० साली महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली ती नाशिक जिल्ह्याकडून उतरून. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी मिळविलेल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक पदक. त्या कुसाळ्यांनी नेमबाजीचे धडे गिरवले ते नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. जन्माचा दाखला पाहायचा तर विदित बाहेर जातात. घडणीची जागा पाहायची तर नाडकर्णी अर्धे बाहेर जातात आणि कुसाळे अर्धे आत येतात.

यातून मार्ग काढायचा तर मोठ्या मनाने काढावा. जो येथे जन्मला तो नाशिकचा, आणि जो येथे घडला तोही नाशिकचाच. गोदाकाठच्या या नगरीने शतकानुशतके बाहेरून आलेल्यांना आपले म्हटले आहे. खेळाडूंच्या बाबतीत तिने सोवळे पाळण्याचे कारण नाही. मात्र सर्वश्रेष्ठ ठरविताना ज्याच्या कर्तृत्वाची मुळे या मातीत अधिक खोल गेली आहेत त्याला झुकते माप द्यावे, एवढी अट असावी. त्या अटीने कुसाळ्यांवर पहिला हक्क कोल्हापूरचा ठरतो, सदगिरांवर अकोल्याचाही ठरतो, आणि आपल्यापुढे प्रामुख्याने चार नावे उरतात.

चार नावे, चार मापे

पहिले नाव अर्थातच नाडकर्णी यांचे. १९५५ ते १९६८ या काळात त्यांनी ४१ कसोटी सामने खेळून १,४१४ धावा केल्या आणि ८८ बळी घेतले. षटकामागे त्यांनी सरासरी १.६७ धावा दिल्या. यावरून ते केवळ धावा रोखणारे गोलंदाज होते असा समज रूढ झाला आहे, आणि तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. १९६४ साली मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन डावांत ५ आणि ६ असे ११ बळी घेतले. सामना भारताने गमावला म्हणून ती कामगिरी झाकोळली गेली. त्याच वर्षी कानपूरला इंग्लंडविरुद्ध भारतावर फॉलोऑनची पाळी आली असता पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा करून त्यांनी सामना वाचविला. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका जिंकली, तेव्हा वेलिंग्टनला त्यांनी ४३ धावांत ६ बळी टिपले. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा सराव ते करीत, असे सांगतात. त्यांचे माप सातत्याचे आणि शिस्तीचे आहे. या मापाने पाहता त्यांच्या तोडीचा दुसरा नाशिककर नाही.

दुसरे नाव विदित गुजराथी यांचे. २०१३ साली ते ग्रँडमास्टर झाले. २०२३ साली आयल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून त्यांनी जगज्जेत्याच्या आव्हानवीराची निवड करणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत स्थान मिळविले. २०२४ साली टोरांटोत झालेल्या त्या स्पर्धेत अवघ्या आठ बुद्धिबळपटूंत नाशिकचा एक होता, आणि त्याने अमेरिकेच्या हिकारू नाकामुरांना एकदा नव्हे, दोनदा हरविले. त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टला भारताने ऑलिंपियाडचे सुवर्णपदक जिंकले, त्या संघातही ते होते. ज्या खेळात जगभर लक्षावधी स्पर्धक असतात आणि प्रत्येकाच्या बळाचा अंक मोजलेला असतो, तेथे पहिल्या आठांत बसणे या निकषावर विदित यांचे पारडे जड आहे. त्यांची कारकीर्द अद्याप चालू आहे, एवढ्यासाठीच त्यांच्याविषयीचा अंतिम निवाडा आज देणे घाईचे होईल.

तिसरे नाव दत्तू भोकनळ यांचे. अमेरिकेत आज हॉकीतील सर्वश्रेष्ठांच्या यादीत ऑस्टन मॅथ्यूज यांचे नाव घेतले जाते. २०२३-२४ च्या मोसमात ६९ गोल करणारा हा खेळाडू वाढला तो ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात. वाळवंटातल्या मुलाने बर्फावरच्या खेळात नाव काढावे याचे अमेरिकनांना मोठे नवल वाटते. आपल्याकडचे नवल त्याहून मोठे आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे भोकनळ यांचे गाव अवर्षणाच्या टापूतले. विहिरी खोदण्याचे काम त्यांनी स्वतः केलेले. २०१२ साली लष्करात दाखल झाल्यावर पुण्यात त्यांच्या हाती वल्हे आले, आणि चारच वर्षांनी, २०१६ साली, रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकट्याने वल्हवायच्या नौकेच्या शर्यतीत उतरले. त्या स्पर्धेतील ते एकमेव भारतीय नौकानयनपटू होते आणि त्यांचा क्रमांक तेरावा आला. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रकृती बिघडल्याने त्यांची वैयक्तिक शर्यत वाया गेली. दुसऱ्याच दिवशी तीन सहकाऱ्यांसह चौघांच्या नौकेत बसून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. कोठून निघून कोठवर पोहोचला, हे अंतर मोजायचे तर भोकनळ यांच्यापुढे कोणाला उभे करावे, असा प्रश्न पडतो.

त्याचे उत्तर चौथ्या नावात आहे. कविता राऊत यांचे सावरपाडा हे गाव हरसूलकडील आदिवासी पट्ट्यातले. पाणी डोंगरवाटांनी आणायचे, शाळेत पायी जायचे, आणि धावणे निवडायचे ते अनवाणीही धावता येते म्हणून, अशी त्यांची सुरुवात. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेच्या इतिहासात धावपट्टीवरील वैयक्तिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले. सुवर्ण मिळविणाऱ्या प्रीजा श्रीधरन यांच्यात आणि त्यांच्यात एका सेकंदाचेही अंतर नव्हते. २०१२ साली अर्जुन पुरस्कार, २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण, आणि त्याच वर्षी रिओचे ऑलिंपिक, असा त्यांचा पुढचा प्रवास आहे.

आमचा कौल

या चारही मापांत खोट काढता येते. सातत्याच्या मापात खेळाडूला संधी किती मिळाली हे मोजले जात नाही. जागतिक क्रमवारीच्या मापात खेळाचे साधन कोणाच्या घरी पोहोचते हे मोजले जात नाही. अंतराचे माप हृदयस्पर्शी खरे, पण केवळ हालअपेष्टा सोसल्या म्हणून कोणी श्रेष्ठ खेळाडू ठरत नाही. म्हणून आणखी एका मापाची गरज आहे. ज्याच्या मागून वाट पडली आणि त्या वाटेने इतर चालू लागले, तो खेळाडू थोर.

हे माप आपल्या परंपरेला नवे नाही. आकडे ठेवण्याची पद्धत नव्हती त्या काळातील एका पुरुषाचे नाव आजही घेतले जाते, ते याच कारणाने. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी वणीच्या सप्तशृंगगडावर देवीची उपासना केली, आणि तेथेच त्यांना मल्लखांबाची युक्ती सुचली, असे परंपरा सांगते. कुस्तीचा निकाल काय लागला यापेक्षा त्या लाकडी खांबावर पुढे किती पिढ्या चढल्या, यात बाळंभटदादांचे मोठेपण आहे.

या मापाने पाहता प्रस्तुत लेखकाचा कौल कविता राऊत यांना आहे. त्यांच्यानंतर त्याच जिल्ह्यातून, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखालून, लांब पल्ल्याच्या धावपटू मुली एकामागून एक पुढे आल्या. संजीवनी जाधव यांनी २०१७ साली तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळविले. मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावल्या. द्राक्षे आणि कांदा यांसाठी ओळखला जाणारा जिल्हा धावपटू मुलींसाठीही ओळखला जाऊ लागला. नाडकर्णींच्या मागून नाशिकमध्ये अशी परंपरा उभी राहिली नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचे मैदानच मुंबई होते. भोकनळ यांच्या मागून चांदवडचा तरुण वल्हे मारायला निघाला तरी त्याला आधी लष्कराची वाट धरावी लागेल. विदित यांच्या मागून नाशिकच्या किती मुलांनी पट मांडला आहे, याचे उत्तर आणखी दहा-पंधरा वर्षांनी मिळेल, आणि त्या वेळी हा कौल बदलण्याची वेळ आली तर तो आनंदाचा दिवस असेल.

यावर आक्षेप येणार हे उघड आहे. रिओच्या मॅरेथॉनमध्ये कविता राऊत १२० व्या आल्या. अशा खेळाडूला नाडकर्णींच्या वर कसे बसवायचे? आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पण धावण्याच्या स्पर्धेत पृथ्वीवरील यच्चयावत देश उतरतात, तर नाडकर्णी खेळत होते त्या काळी कसोटी क्रिकेट मोजक्या सात देशांत खेळले जाई, हेही त्याच तराजूत घालायला हवे. दुसरे असे, की कसोटी संघात निवड होईपर्यंत क्रिकेटपटूला विद्यापीठ, राज्य, क्लब यांच्या शिड्या लाभतात. सावरपाड्याच्या मुलीला पहिली शिडी स्वतःच बांधावी लागली.

या वादातून काय निष्पन्न व्हावे? गौरवाच्या बाबतीत आपला समाज कंजूष नाही. पदक आले की मिरवणूक निघते, शाल आणि श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. पुढे काय, हा प्रश्न त्यानंतरचा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या पदकाचा जल्लोष चालू असताना कविता राऊत यांनी, राज्य शासनाच्या नोकरीसाठी आपण वर्षानुवर्षे थांबलो आहोत, अशी खंत जाहीरपणे बोलून दाखविली. त्या प्रकरणाच्या प्रशासकीय तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु आशियाई रौप्यपदक मिळाल्यानंतर चौदा वर्षांनी जिल्ह्याच्या एका अग्रगण्य खेळाडूला असे शब्द उच्चारावे लागले, ही गोष्ट प्रत्येक नाशिककराने मनाला लावून घ्यावी अशी आहे.

एव्हलेथच्या खाणकामगारांनी केले ते नाशिकला अशक्य नाही. नाडकर्णींच्या त्या ३२ षटकांचा तक्ता, भोकनळांचे वल्हे, विदित यांनी नाकामुरांना हरविले त्या डावांच्या नोंदी आणि सावरपाड्याच्या मुलीचे धावण्याचे बूट एका दालनात मांडले, तर शाळेच्या सहलीला आलेली मुले तेथे आपापला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडतील आणि घरी जाताना बसमध्ये भांडतील. ते भांडण झालेच पाहिजे. पण दालनापेक्षा तातडीची गोष्ट दुसरी आहे. हरसूल, पेठ, सुरगाणा या भागांत आजही एखादी मुलगी डोंगरवाटेने शाळेला पळत जात असेल. तिच्या वेगाची नोंद पदक मिळण्याआधी कोणी घ्यायची, कोणत्या मैदानावर तिला आणायचे आणि तिच्या पायांत बूट कोणी घालायचे, हे ज्या दिवशी या जिल्ह्यात ठरलेले असेल, त्या दिवशी सर्वश्रेष्ठ कोण या वादात आमची बाजू हरली तरी आम्हांस खंत वाटणार नाही.